कलम एक सगळ्यात शेवटी

संसदेचे अधिवेशन संपले की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत एक ठरावीक भांडण सुरू होते. किती तास वाया गेले, कामकाज किती टक्के झाले आणि मिनिटाला अडीच लाख रुपये या वर्षानुवर्षे फिरणाऱ्या हिशेबाने जनतेचे किती कोटी बुडाले, हे एक बाजू सांगते. आम्हाला बोलूच दिले नाही तर हौद्यात, म्हणजे अध्यक्षांच्या आसनापुढच्या मोकळ्या जागेत, उतरण्यावाचून गत्यंतर काय होते, असे दुसरी विचारते. 2012 च्या पावसाळी अधिवेशनात कोळसा खाणींच्या वाटपावरून भाजपने कामकाज रोखले तेव्हा रोखणे हाही लोकशाहीचाच मार्ग आहे असे त्या पक्षाचे नेते सांगत होते, आणि सभागृह चालू द्या असे सत्ताधारी काँग्रेस म्हणत होती. आज संहिता तीच आहे, पात्रांची अदलाबदल झाली आहे. माझे म्हणणे असे की हे सारे भांडण चुकीच्या मापाने चालले आहे. गोंधळाने कायदे अडत नाहीत, उलट गोंधळात ते झपाट्याने उरकतात. विचारायचा प्रश्न सभागृह किती तास चालले हा नाही. विधेयक मांडले गेल्यापासून मंजूर होईपर्यंतच्या काळात त्याचे एकेक कलम कोणी नीट वाचले का, ज्याच्यावर ते लागू होणार त्याला कोणी विचारले का, हा आहे. ही तपासणी म्हणजे विरोधकांवर केलेली मेहरबानी नव्हे. तो कायदा टिकायचा असेल तर ती त्या कायद्याचीच गरज असते.

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात विधेयकाची तीन वाचने असतात, आणि परीक्षेपुरती ती आपण सगळ्यांनी पाठ केलेली असतात. त्यांतल्या पहिल्या वाचनात विधेयक मांडायची परवानगी मागितली जाते, तिथे बहुधा नावापलीकडे काही वाचले जात नाही. तिसऱ्यात मंजूर करा किंवा करू नका एवढेच बोलता येते. कायद्याचा मजकूर जर कुठे घडत असेल तर तो दुसऱ्या वाचनात. या वाचनाच्या तोंडाशीच सभागृहापुढे निवड असते: विधेयक लगेच विचारात घ्यायचे, प्रवर समितीकडे किंवा दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे द्यायचे, की लोकमत अजमावण्यासाठी फिरवायचे. याशिवाय 1993 पासून खातेनिहाय स्थायी समित्या आहेत. आज त्या 24 आहेत, प्रत्येकीत लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10 सदस्य बसतात, आणि मांडलेले विधेयक पीठासीन अधिकारी, म्हणजे लोकसभेचे अध्यक्ष किंवा राज्यसभेचे सभापती, त्यांच्याकडे पाठवू शकतात. ‘शकतात’ हे क्रियापद लक्षात ठेवावे, कारण खरी मेख तिथेच आहे. चौदाव्या लोकसभेत सुमारे 60 टक्के आणि पंधराव्या लोकसभेत सुमारे 71 टक्के विधेयके समित्यांकडे गेली. सोळाव्या लोकसभेत हे प्रमाण पाव भागाच्या आसपास आले आणि सतराव्या लोकसभेत 16 टक्क्यांवर. वाया गेलेल्या तासांवर अग्रलेख लिहिणाऱ्यांनी या उताराकडे त्याच्या निम्म्याने तरी लक्ष दिले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

समितीनंतर सभागृहात कलमवार विचार होतो, आणि तो कसा होतो हे एकदा थेट प्रक्षेपणात बघण्यासारखे आहे. पीठासीन अधिकारी विचारतात की कलम 2 विधेयकाचा भाग व्हावे का, मग कलम 3, मग पुढचे. एखाद्या कलमावर कोणाची दुरुस्ती असेल तर त्या सदस्याचे नाव पुकारले जाते. तो उभा राहतो, दुरुस्ती मांडतो, ती मताला जाते आणि बहुतेक वेळा पडते. शेवटी परिशिष्टे, आणि सगळ्यांत शेवटी कलम 1, अधिनियमन सूत्र (संसद हा कायदा करत आहे असे सांगणारे सुरुवातीचे ठरीव वाक्य) आणि विधेयकाचे नाव. कलम 1 शेवटी ठेवण्याचे कारण साधे आहे: त्यात कायद्याचे नाव, वर्ष, व्याप्ती आणि अंमलाची तारीख असते, आणि मूल जन्माला यायच्या आधी बारसे करत नाहीत. आता हेच दृश्य गोंधळाच्या दिवशी पाहा. ज्या सदस्याची दुरुस्ती आहे तो फलक घेऊन हौद्यात उभा आहे. नाव पुकारले जाते, तो जागेवर नाही, दुरुस्ती मांडली गेली नाही अशी नोंद होते. मग कलम 2 पासून शेवटच्या कलमापर्यंत सगळी कलमे एका दमात मताला टाकली जातात, आणि घोषणांचा आवाज एका श्वासभर खाली यायच्या आत कलम 1 ही होऊन जाते. या प्रकारात अडथळा नेमका कोणाला झाला? ऑनलाइन गेमिंगचे विधेयक 20 ऑगस्ट 2025 रोजी लोकसभेत मांडले गेले आणि बिहारच्या मतदार याद्यांवरून चाललेल्या गदारोळातच त्या दिवशी मंजूर झाले, 21 तारखेला ते राज्यसभेतून निघाले आणि 22 तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली. गोंधळामुळे संसद ठप्प झाली असे त्या आठवड्यात कोणी म्हणत असेल तर ते या विधेयकाला लागू नव्हते.

तासांचे माप किती फसवे आहे हे पाहायचे तर आणीबाणीतल्या ऑगस्ट 1975 मध्ये जावे. पंतप्रधानांच्या निवडणुकीला न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेणारी एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती 7 ऑगस्टला लोकसभेत मांडली गेली आणि त्याच दिवशी मंजूर झाली. 8 तारखेला राज्यसभा, 9 तारखेला राज्यांच्या विधानसभा, 10 तारखेला राष्ट्रपती. इंदिरा गांधींचे अपील सर्वोच्च न्यायालयापुढे 11 तारखेला होते. आजच्या टक्केवारीने मोजले तर त्या चार दिवसांइतके कार्यक्षम विधिमंडळ दुसरे सापडणार नाही. गोंधळ घालू शकणारे बरेचसे लोक तुरुंगात होते.

आता कृषी कायदे. या विषयावर एवढे लिहून झाले आहे की पुन्हा हात घालायला नको वाटते, पण विधेयकाच्या प्रवासाचा धडा म्हणून त्यांच्याइतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. 5 जून 2020 रोजी तीन वटहुकूम निघाले. 14 सप्टेंबरला अधिवेशन सुरू झाले, आठवड्याच्या आत तिन्ही विधेयके लोकसभेतून निघाली, आणि 20 सप्टेंबरला राज्यसभेत पणन आणि करार शेतीची दोन विधेयके आवाजी मतदानाने संमत झाली. प्रवर समितीकडे पाठवण्याची सूचना फेटाळली गेली, मतविभाजनाची, म्हणजे मते मोजून घेण्याची, मागणी मान्य झाली नाही. ती मागणारे आपापल्या जागेवर नव्हते असे पीठाचे म्हणणे होते, आम्ही जागेवरूनच मागितले होते असे विरोधकांचे. (कोणाचे खरे, हा वाद इथे सोडून देतो; पण ‘जागेवर असणे’ या तांत्रिक अटीला गोंधळात किती वजन येते ते पाहावे.) पुढे वर्षभर दिल्लीच्या वेशीवर काय झाले ते सर्वांना माहीत आहे. मला दाखवायची आहे ती डिसेंबर 2020 मधली एक गोष्ट. आंदोलकांशी बोलणी करताना सरकारने लेखी प्रस्ताव दिला. त्यात बाजार समितीबाहेरच्या व्यापाऱ्याला नुसत्या पॅन कार्डावर खरेदी करता येण्याऐवजी राज्यांना त्याची नोंदणी करता यावी, आणि वाद प्रांताधिकाऱ्यापुढेच न संपता शेतकऱ्याला दिवाणी न्यायालयात जाता यावे, असे बदल देऊ केले होते. हे बदल वाजवी होते. कायदा वाचणारा तालुक्याच्या ठिकाणचा कोणताही वकील आणि बाजार समितीत हिशेब लिहिणारा कोणताही दिवाणजी ते पहिल्याच बैठकीत सुचवू शकला असता. मग हे डिसेंबरात, थंडीत रस्त्यावर बसलेल्या माणसांपुढे का लिहावे लागले? सप्टेंबरात समितीच्या टेबलावर का नाही? 19 नोव्हेंबर 2021 ला कायदे मागे घेण्याची घोषणा झाली आणि 29 नोव्हेंबरला ते रद्द करणारे विधेयक दोन्ही सभागृहांनी एकाच दिवशी, चर्चेशिवाय मंजूर केले. आणले घाईत, पुरलेही घाईतच.

या प्रकरणात सर्वांत मोठे नुकसान कोणाचे झाले? माझ्या मते कायद्यांच्या समर्थकांचे. महाराष्ट्रात शेतमालाचा बाजार मोकळा करा ही मागणी शरद जोशींनी आयुष्यभर मांडली. शेतकरी संघटनेचे अनिल घनवट सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीत होते, त्या समितीचा अहवाल मार्च 2021 मध्ये सादर होऊन पडून राहिला आणि शेवटी मार्च 2022 मध्ये, कायदेच उरले नसताना, घनवटांनी तो प्रसिद्ध केला. ज्यांना हे कायदे मनापासून हवे होते त्यांनी सरकारला विचारायला हवे होते की चाळीस वर्षांची आमची मागणी तुम्ही एका आठवड्यात उरकून तिची वाट का लावलीत. समितीचा टप्पा वगळल्याचा फायदा सरकारला आठवडाभर झाला. तोटा ज्या विचाराचा झाला, त्याचे नाव आता कोणतेही सरकार बरीच वर्षे काढणार नाही.

हे सारे आपल्याकडे नवे नाही. 1901 साली मुंबई सरकारने जमीन महसूल संहितेत दुरुस्ती करणारे विधेयक आणले. दुष्काळाने सारा थकला होता. थकबाकीपोटी सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्याला परत देताना ती विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा हक्क त्याच्याकडे राहू नये, असा त्याचा रोख होता. सरकारचा युक्तिवाद ओळखीचा वाटेल: हे शेतकऱ्याच्याच हिताचे आहे, सावकारापासून त्याचे रक्षण होईल, आणि विरोध करतात ते सावकारांचे वकील. फिरोजशहा मेहता आणि गोपाळ कृष्ण गोखले यांचे म्हणणे होते की याने शेतकऱ्याची पत बुडेल आणि मालकाचा तो कूळ होईल. पण ऑगस्टमध्ये पुण्यात भरलेल्या विधिमंडळाच्या बैठकीत मेहतांनी जी सूचना मांडली ती विधेयक फेटाळा अशी नव्हती; घाई करू नका, त्यावर आणखी मते मागवा, एवढीच होती. सरकारी बहुमताने ती पडली, आणि मेहता, गोखले व त्यांचे सहकारी सभागृहातून उठून गेले. गोखल्यांसारखा तोलून बोलणारा माणूस उठतो तेव्हा तो फलक घेऊन उठत नाही: आधी विधेयकाच्या गुणदोषांवर बोलायचे ते सगळे बोलून झाले होते, आणि मंजुरीच्या वेळी हजर राहून त्या जबाबदारीचा लांबूनही वाटेकरी व्हायचे नाही म्हणून ते बाहेर पडले. आजच्या विरोधकांना सभात्यागाची परंपरा सांगायची असेल तर ती इथून सांगावी, पण मग आधीची मेहनतही सांगावी. परक्या सरकारला निवडणुकीची भीती नव्हती, बहुमत त्याच्या खिशात होते. त्याने ऐकले नाही याचे नवल नाही. निवडून आलेल्या सरकारनेही बहुमत खिशात असल्याचेच कारण द्यावे, याचे मात्र वाटते.

इथे प्रतिपक्षाचे म्हणणे नीट ऐकले पाहिजे, कारण ते पोकळ नाही. पहिला आक्षेप असा की निकाल आधीच ठरलेला असतो. 1985 च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आणली, तेव्हापासून पक्षादेशाबाहेर मत देणारा सदस्य आपली जागा पणाला लावतो. मग चर्चेने कोणाचे मत फिरणार? हे बरोबर आहे. पण निकाल ठरलेला असतो म्हणजे मजकूरही ठरलेला असतो असे नाही. समितीची बैठक बंद दाराआड चालते, कॅमेरा नसतो, पक्षादेश तिथे लागू होत नाही, आणि म्हणून सत्ताधारी सदस्यही तिथे मंत्रालयाच्या सचिवाला अडचणीचा प्रश्न विचारतो. दिवाळखोरी संहितेचे विधेयक डिसेंबर 2015 मध्ये मांडले गेले, भूपेंद्र यादव यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीकडे गेले, एप्रिल 2016 च्या अखेरीस अहवाल आला आणि मे महिन्यात दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केले. पक्ष तोच, पंतप्रधान तेच, बहुमत तेच. त्या संहितेत पुढे अनेक दुरुस्त्या कराव्या लागल्या हे खरे, पण ती मागे घ्या म्हणून कोणी महामार्ग अडवला नाही. चार-पाच महिन्यांनी कोणाचे काय बिघडले?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. समितीकडे पाठवणे, मते मागवणे, हा विधेयक मारण्याचा जुना सभ्य मार्ग आहे. गोखल्यांनीच सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मार्च 1911 मध्ये मांडले, ते मतांसाठी प्रांतोप्रांती फिरले, वर्षभराने परत आले आणि मार्च 1912 मध्ये 38 विरुद्ध 13 मतांनी पडले. महिला आरक्षणाचे विधेयक सप्टेंबर 1996 मध्ये आले आणि 2023 पर्यंत भिजत पडले. मग नव्या विधेयकाला दोन्ही सभागृहांतून जायला दोन दिवस पुरले. सत्तावीस वर्षांच्या शहाणपणापेक्षा दोन दिवसांची धडाडी बरी नव्हे का? मला हा युक्तिवाद बराच काळ पटत असे. पण तपशील पाहिला की तो डळमळतो. 1996 मध्ये गीता मुखर्जींच्या संयुक्त समितीने अहवाल दिला तो तीन महिन्यांच्या आत. विधेयक समितीत कुजले नाही. ते पुढे सभागृहात, राजकीय इच्छेअभावी आणि हौद्यातल्या गोंधळात अडकले. आणि दोन दिवसांत मंजूर झालेल्या 2023 च्या मजकुरात आरक्षणाचा अंमल जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना यांच्याशी बांधला गेला, त्यामुळे 2024 ची लोकसभा निवडणूक त्याविनाच पार पडली. ही गाठ कशासाठी, ती किती वर्षांत सुटेल, सोडवायची दुसरी वाट आहे का, हे प्रश्न समितीत तीन आठवडे विचारले गेले असते तर महिलांचे हक्क लांबले असते, असे म्हणणाऱ्याला मी एवढेच विचारीन की आता ते किती लवकर मिळाले?

तिसरा आक्षेप अलीकडचा आणि मला सर्वांत अस्वस्थ करणारा. समित्याही आता पक्षांच्या रेषेवर फुटतात. वक्फ दुरुस्ती विधेयकाच्या संयुक्त समितीत सत्ताधारी सदस्यांच्या दुरुस्त्या स्वीकारल्या गेल्या, विरोधकांच्या एकजात पडल्या. आणि समितीकडे गेलेले विधेयकही पुरेसे भाजलेले निघतेच असे नाही. नव्या फौजदारी संहिता गृह खात्याच्या स्थायी समितीकडे गेल्या होत्या. पण डिसेंबर 2023 मध्ये त्या सभागृहात आल्या तेव्हा दोन्ही सभागृहांतले मिळून जवळपास दीडशे विरोधी सदस्य निलंबित होते आणि समोरचे बाक रिकामे. प्राणघातक अपघातानंतर खबर न देता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद देणारे पोटकलम तेव्हाच संमत झाले. नववर्षाच्या पहिल्या दिवशी मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर बाहेर पडेनात, पेट्रोलपंपांवर रात्री उशिरापर्यंत रांगा लागल्या, आणि चालकांचे म्हणणे मग सगळ्यांच्या कानावर गेले: थांबलो तर जमाव मारतो, पळालो तर दहा वर्षे. सरकारने वाहतूकदारांशी चर्चा करण्याचे कबूल केले, आणि 1 जुलै 2024 ला त्यांतली भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा तिच्या कलम 106 चे ते पोटकलम बाजूला ठेवले गेले. म्हणजे समिती पुरेशी नाही, हे मला मान्य आहे. पण या उदाहरणातून निष्कर्ष समितीही नको असा निघतो, की समितीनंतर कलमवार चर्चेला समोरचा बाकही भरलेला हवा, असा? समिती फुटते तेव्हाही तिच्या अहवालाला भिन्नमतपत्रिका जोडलेल्या असतात, साक्षीदारांची नावे असतात, खात्याची उत्तरे असतात. पुढे न्यायालयाला आणि नागरिकाला कायद्याचा हेतू शोधायचा असतो तेव्हा हीच पाने उघडली जातात. घोषणांतून मंजूर झालेल्या विधेयकामागे काय उरते? ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’, आणि शेवटच्या पानावर वैधानिक अधिकार सोपवण्याविषयीचे ज्ञापन, ज्यात नियम करायचे सारे अधिकार सरकारकडे जात असूनही हे प्रत्यायोजन ‘सर्वसाधारण स्वरूपाचे’ आहे असे साच्यातले वाक्य छापलेले असते. ते वाक्य मी इतक्या विधेयकांच्या शेवटी वाचले आहे की ते नसलेले पान आढळले तर छपाईची चूक समजेन.

यावर उपाय घटनादुरुस्तीचा नाही. अनुच्छेद 118 ने प्रत्येक सभागृहाला आपल्या कामकाजाचे नियम करण्याचा अधिकार दिला आहे, आणि वर जे ‘शकतात’ म्हटले ते क्रियापद तिथेच बदलता येते. न्यूझीलंडमध्ये पहिल्या वाचनानंतर विधेयक प्रवर समितीकडे जाणे हाच सामान्य नियम आहे, आणि तो टाळायचा तर सरकारला तातडीचा ठराव उघडपणे मांडावा लागतो. तसेच इथे व्हावे: धन विधेयके सोडून प्रत्येक सरकारी विधेयक समितीकडे जाईल, समितीला नव्वद दिवसांची मुदत असेल आणि ती उलटली की विधेयक आपोआप सभागृहात परत येईल, म्हणजे मारण्याचा सभ्य मार्गही बंद. अपवाद करायचा तर त्याची कारणे लेखी नोंदवून पटलावर ठेवावीत. वटहुकुमाचे काय, असे कोणी विचारील; अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत तो सरतो, मग समितीला वेळ कुठून? पण वटहुकूम काढायचा की नाही हे सरकारच ठरवते. स्वतःच लावलेल्या घड्याळाकडे बोट दाखवून घाई झाली म्हणणे हे कारण नव्हे. तरीही सोय हवी असेल तर वटहुकूम निघाल्या दिवसापासूनच संबंधित समितीने मजकूर हाती घ्यावा. जून ते सप्टेंबर 2020 मध्ये त्यासाठी तीन महिने होते.

असा नियम कोणता सत्ताधारी पक्ष करील, हा अडचणीचा प्रश्न उरतो. बहुमत हाती असताना स्वतःच्या पायात कोण कशाला बेडी घालील? म्हणून तो लोकसभेच्या शेवटच्या वर्षी करावा आणि पुढच्या लोकसभेपासून लागू करावा, कारण त्या वर्षी आपण पुढे कोणत्या बाकावर बसणार हे कोणालाच ठाऊक नसते. अठराव्या लोकसभेची मुदत 2029 मध्ये संपते. नियम समितीला मसुदा लिहायला तोवर पुरेसा अवधी आहे, आणि तो मसुदाही कलमवार वाचला जावा.